बसल्याशिवाय कळत नाही

मी सायकलची सीट बोलतेय. चामड्याची, कडक, वयानं काळी पडलेली. माझ्या गोष्टीत एक होती सासू, एक होती सून, दोघींच्या मधे एक मुलगा, आणि सगळ्यांचा आळ झेलायला मी.

सून मला सायकलसकट माहेरून घेऊन आली. नवी होते तेव्हा मी तिला फार छळलं. पण हळूहळू तिच्या हाडांच्या दोन खळग्या माझ्यावर उमटल्या आणि आमचं जमलं. तेव्हा ती सैल पायजमा घालायची.

मग मुलगा कामाला जायचा तो कारखाना बंद पडला. सुनेनं काम धरलं; दवाखान्यांतून रक्ताच्या नमुन्यांच्या बाटल्या गोळा करून तपासणीच्या जागी पोचवायच्या. "महिनाभर बघू, मग कायम करू," तिथले साहेब म्हणाले. घराची सगळी भिस्त त्या महिन्यावर.

सासू शिवणकाम करायची. तिनं सुनेसाठी जाड कापडाची विजार शिवली. "हत्तीनं ओढली तरी उसवायची नाही!" आणि खरंच, टाक्यावर टाके घातल्यानं दोन्ही पायांच्या शिवणी जिथं मिळतात, नेमकी तिथं हरभऱ्याएवढी गाठ झाली.

ती गाठ मला पहिल्याच दिवशी कळली. सून चुळबुळायला लागली. मग पायडलवर उभी राहून सायकल मारायची, चढाला उतरून चालायची. एकदा पोचायला उशीर झाला.

"बाई, रक्त कुणासाठी थांबत नाही," साहेब म्हणाले. "पुन्हा असं झालं तर मी दुसरं माणूस बघेन."

घरी सासूनं विचारलं, "का गं, तोंड का उतरलंय?"

सून विजारीकडं बघत म्हणाली, "सीट कडक आहे, आई."

झालं! चोर सोडून संन्याशाला सुळी. मुलगा फुगीर, मऊ सीट घेऊन आला. घरातल्या प्रत्येकानं ती अंगठ्यानं दाबून बघितली. "वा, उशीच की!" माणसं सीट निवडतात अंगठ्यानं आणि बसतात हाडांवर. मला शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर टाकलं. भंगारवाला यायचीच वाट.

मऊ सीटवर हाडं आत रुतायची आणि गाठ आणखी टोचायची. फळीवरून मी बघत होते. सून उभ्यानं जेवायची. पायांना मुंग्या आल्या की भिंत धरायची. मला ओरडावंसं वाटे, पण चामड्याला कुठली जीभ?

महिना संपत आला. एका संध्याकाळी ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "उद्या सांगून टाकते. मला नाही जमत."

सासूचे कान तिखट. "नाही जमत? उशीवर बसून नाही जमत?"

"मग तुम्हीच बसून बघा ना, आई!" सुनेच्या तोंडून निसटलं.

"बघतेच! आण ती विजार."

सासू विजार चढवून आली. मुलानं हँडल धरलं. "नीट धर रे, मेल्या, पाडशील म्हातारीला." ती बसली आणि पायडल उलटे फिरवू लागली. आधी ऐटीत. मग हळू. मग थांबली. तिच्या चेहऱ्याकडं बघायची कुणाची छाती होईना.

"उतरव मला."

ती शिवणयंत्रापाशी टेकली. "हे तू सोसलंस? आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्ही डोळ्यांत तेल घालून शिवली होती, आई. आणि दुखणं तरी कुठल्या जागचं म्हणून सांगू?"

"अगं वेडे, बाळंतपणं झालेली बाई मी. मला जागेची लाज सांगतेस?" हसता हसता तिचे डोळे भरले. विजार बदलून ती लगेच कात्री घेऊन बसली. गाठ उसवली, तिथं मऊ कापडाचा चौकोनी तुकडा, म्हणजे कळी, बसवली, त्यामुळं शिवणी मांड्यांकडं सरकल्या. मग तिचं लक्ष वर माझ्याकडं गेलं. तिनं मला खाली घेतलं आणि माझ्या खळग्यांवरून तळवा फिरवला. "ही तर हिचीच आहे रे! बसव पुन्हा."

सकाळी चढ आला तेव्हा मी श्वास रोखून होते. आता उठेल, आता उतरेल. ती उठली नाही. माझ्यावर घट्ट बसून तिनं चढ मारला, आणि साहेबांच्या आधी आम्ही दारात हजर.

तुम्हीही सीट घ्याल तेव्हा अंगठा खिशात ठेवा, चार गल्ल्या बसून फिरा. आणि टोचलं तर बोला, बाई असो की बाप्या.

आता मी म्हातारी झालेय, कडा झिजल्यात. पण सून कामावर कायम झाली. तिथल्या बाकीच्या सायकलवाल्याही सासूकडंच विजारी शिवायला टाकतात. मुलगा कापड बेततो, सासू कळी लावते, आणि आमच्या घरातलं यंत्र काही थांबत नाही.