बरं झालं ओढलीस

मी एक जुनी दोरी आहे. एकेकाळी लालभडक होते, आता विटकरी झाले आहे. मित्रांनो, दोरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झोका येईल, नाहीतर वाळत घातलेले कपडे. माझ्या नशिबी यातलं काहीच नव्हतं. मला ओढलं की अख्खा कारखाना थांबतो. ऐकायला फार मोठं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण मधली कितीतरी वर्षं मला कोणी बोटसुद्धा लावलं नाही. ते का, या एका प्रश्नाने माझं डोकं पोखरून काढलं. मी आधीच जरा भोचक, त्यात वर टांगलेली. टांगलेल्याला बघत बसण्यावाचून दुसरं काम काय?

मला एका म्हाताऱ्या बाईने वळलं. पीळ मनासारखा बसेपर्यंत ती मला हातावेगळं करायला तयार नव्हती. माझ्या सोबतच्या दोऱ्या होड्यांवर गेल्या, विहिरींवर गेल्या, एक तर म्हणे सर्कशीत गेली. मला मात्र नेलं मुलांच्या तीनचाकी सायकली बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी. या बाईंनी केस पांढरे व्हायला लागल्यावर व्यवस्थापनाचा वर्ग लावला होता. त्यांचा नवरा थट्टा करायचा, "परीक्षेला पेन्सिल टोक करून देऊ का?" बाई हसायच्या आणि अभ्यासाला बसायच्या. तिथे त्यांना एक गोष्ट फार पटली. चूक जिथे दिसेल तिथेच थांबवावी, पुढे गेली की तिला पाय फुटतात.

कारखान्यात एक लांब पट्टा सतत फिरत असे. त्याच्या एका टोकाला नुसता सांगाडा चढे आणि दुसऱ्या टोकाला घंटी लावलेली सायकल उतरे. मध्ये दोन्ही बाजूंना कामगार उभे. बाईंनी मला पट्ट्याच्या वर, कोणाचाही हात पोहोचेल इतक्या उंचीवर, कड्यांमधून ओवलं. चूक दिसली की दोरी ओढायची, मग तुम्ही कोणीही असा. ओढली की घंटा वाजणार आणि पट्टा थांबणार.

पण खरी गंमत पुढेच आहे. बाईंनी कामाची पद्धत ठरवताना ओढणाऱ्यासाठी एक ओळ लिहिली आणि धावत येणाऱ्या सुपरवायझरसाठी दोन. त्याने आधी म्हणायचं, "बरं झालं ओढलीस." मग विचारायचं, "काय दिसलं?" कोणी केलं, हे विचारायचंच नाही. सुपरवायझरला सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भर कारखान्यात बालवाडीतली कविता म्हणायला लावल्यासारखा तो ते वाक्य पुटपुटे. हळूहळू त्याची जीभ सरावली. मला मात्र तेव्हापासून एक खोड लागली. मला ओढलं की मी आधी कान टवकारते, पहिला शब्द कोणता येतो ते ऐकायला.

ते माझे सुखाचे दिवस होते. मागची चाकं बसवणारे एक कामगार होते, त्यांना सगळे चाककाका म्हणत. ते तर मला दिवसाआड ओढायचे. कधी रबर फाटकं, कधी आस वाकडा. "आज कुरबुर केली नाही का हो चाकाने?" असं बाकीचे त्यांना चिडवत आणि काकाही हसत.

पुढे बाई थकल्या. त्यांनी कारभार एका नव्या साहेबांच्या हाती दिला. साहेब वाईट नव्हते हं. हुशार होते, नीटनेटके होते, कोणाचं मूल आजारी असलं तर आठवणीने चौकशी करायचे. त्यांनी एक बक्षीस काढलं. ज्या महिन्यात पट्टा एकदाही थांबणार नाही, त्या महिन्याच्या शेवटी सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी आणि सगळ्यांचा एकत्र फोटो भिंतीवर. कोणाला नको असेल?

पहिल्या महिन्यात सुट्टी मिळाली. दुसरा महिना संपत आला असताना एका नव्या मुलीने मला ओढलं. नट खरंच ढिला होता. कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. मी वरून पाहत होते. तिने डबा अर्धा तसाच मिटला. त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. चुकून कोणाचा धक्का लागायला नको म्हणून एक दिवस कोणीतरी शिडी लावून मला वर खेचलं आणि भिंतीतल्या एका खिळ्याला करकचून गाठ मारली. ते होते चाककाका. मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू!

भिंतीवर फोटो वाढत गेले. चुका थांबल्या होत्या का? छे! वरून मला सगळं दिसायचं. ढिला नट पाहून कोणीतरी क्षणभर थबके, इकडेतिकडे बघे आणि तोंडात मूग गिळून पुढच्या सायकलकडे वळे. नवीन आलेल्यांना तर मी कोण हेच ठाऊक नव्हतं. एकाला मी विजेची तार वाटे, तर एकीने माझ्या लोंबत्या टोकावर ओलं फडकं वाळत घातलं.

मग आली प्रश्नावली. हे काही तिचं खरं नाव नव्हे. व्यवस्थापन शिकणारी ही मुलगी अभ्यासाचा प्रकल्प करायला कारखान्यात आली होती. दिसेल त्याला प्रश्न विचारत सुटायची, म्हणून कामगारांनी तिचं बारसं करून टाकलं. तिच्या कॉलेजच्या सरांनी प्रकल्पाचं नाव आधीच ठरवून दिलं होतं, 'कधीही न थांबणारी लाइन'. लाइन म्हणजे आमचा पट्टाच. साहेबांनीही सांगून ठेवलं होतं, अहवाल चांगला झाला तर इथली एक खुर्ची तुझी. तिच्या घरी आई आणि ती, दोघीच. आईने तर हरखून शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. हे सगळं तिने जेवता जेवता चाककाकांना सांगितलं, आणि ते मी ऐकलं. म्हटलं ना, मी भोचक आहे.

तिची नजर एकदा वर गेली. "काका, ही दोरी कसली?"

काकांनी सांगितलं, ओढली की पट्टा थांबतो.

"मग ओढत का नाही कोणी?"

काका म्हणाले, चूकच होत नाही. ते मान खाली घालून म्हणाले. तिने मग सगळ्यांना विचारून पाहिलं आणि सगळीकडून तेच उत्तर आलं. पण ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्यासारखंच तिलाही चैन पडत नव्हतं. मला फार बरं वाटलं, कारण मला पडलेला प्रश्न विचारणारं कोणीतरी शेवटी भेटलं होतं.

अहवाल वाचायचा दिवस आला. साहेब, कॉलेजचे सर आणि बाहेरून आलेले पाहुणे पट्ट्याशेजारी खुर्च्यांवर बसले. सायकली समोरून जात होत्या. प्रश्नावली उभी राहिली, वाचू लागली आणि मध्येच अडखळली. समोरून गेलेल्या सायकलच्या मागच्या चाकाला पिन नव्हती. पिन नसली की चाक आसावरून निसटतं. पुढच्या सायकललाही नव्हती. तिच्या पुढचीलाही नाही.

तिने वर पाहिलं. 'लाइन थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला का असावा' या प्रश्नावर तिने परीक्षेत वर्गात सर्वांत जास्त गुण मिळवले होते, हे तिनेच काकांना सांगितलं होतं. पण पेपरात उत्तर लिहिताना समोर साहेब बसलेले नसतात. साहेबांनी खूण केली, वाच पुढे. एक वाक्य वाचलं असतं तर खुर्ची तिची होती. तिने कागद खाली ठेवले, स्टूल ओढलं, वर चढून माझी गाठ सोडली आणि मला दोन्ही हातांनी खेचलं.

मित्रांनो, मलाच खात्री नव्हती. गंजलेली घंटा घसा बसल्यासारखी खरखरली, पण पट्टा थांबला. अशी शांतता पसरली की मला माझ्या कड्यांची कुरकुर ऐकू येत होती.

साहेब उठले. "कोणी ओढली?" आता हे काय विचारणं झालं? ती अजून स्टुलावरच होती, हातात मी होते.

"मी ओढली," ती म्हणाली. मी कान टवकारून वाट पाहत होते. तेवढ्यात चाककाका पट्ट्याला वळसा घालून तिच्यासमोर आले.

"बरं झालं ओढलीस, पोरी," ते म्हणाले. "काय दिसलं?"

तिने सांगितलं. काकांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, की पिना सकाळीच संपल्या होत्या आणि नव्या येईपर्यंत कोणाची सुट्टी आपल्यामुळे जाऊ नये म्हणून ते गप्प राहिले. मग गोदाम उघडलं. बाहेर जायला निघालेल्या खोक्यांतल्या कितीतरी सायकली तशाच निघाल्या. पाहुण्यांपैकी एका बाईंनी एक सुटं चाक हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

तुम्हाला वाटेल, मग प्रश्नावलीला नोकरी मिळाली. नाही मिळाली. साहेब म्हणाले, कळवू. 'कळवू' म्हणजे काय, ते मोठ्या माणसांना विचारा. ती पिशवी खांद्याला लावून गेली, तेव्हा मला रडू आलं. दोरीला आसवं नसतात, पण पीळ असतो, तो सैल पडतो.

काही आठवडे गेले. एक दिवस साहेबांनी स्वतः पक्कड आणून तो खिळा उपटला. बक्षीस बंद झालं. त्यानंतर पहिल्यांदा कोणी मला ओढलं तेव्हा साहेब धावत आले आणि कडू औषध गिळावं तसं ते वाक्य म्हणाले. आता ते सहज म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात दोरी नसेल. पण कोणीतरी येऊन सांगेलच, की इथे काहीतरी चुकतंय. तेव्हा कोणी केलं ते विचारू नका. आधी त्या सांगणाऱ्याला जवळ बसायला जागा द्या.

माझे धागे आता सुटायला लागले आहेत, लवकरच नवी दोरी येईल. त्याचं दुःख नाही. ती मुलगी पुढे कुठे गेली, तिच्या आईने शेजाऱ्यांना काय सांगितलं, हे मात्र कळलं नाही, आणि तीच रुखरुख लागून राहिली आहे. तुम्हाला ती कधी भेटली तर तिला एवढा निरोप द्या, की दोरी आता सगळ्यांच्या हाताला लागते.