सोमवारच्या आधीची केसकापणी

"त्याच्या केसांना कुणी हात लावून तर बघू दे!" मेतुआताई माझ्या कानाशी पुटपुटली. आम्ही दोघी एकाच रजईवर टाके घालत होतो. तिची सुई मला टोचली ती चुकून, असं ती अजूनही म्हणते.

केस म्हणजे तिच्या नातवाचे. तेआरिकी तीन महिन्यांचा. त्याच्या डोक्यावर होती ती नुसती लव, तीसुद्धा कानाच्या वरती जरा. पण आम्ही कुक बेटांवरची माणसं. ऑकलंडला येऊन किती का वर्षं होईनात, मुलगा मोठा झाला की अख्खा गोतावळा जमणार, एकेकजण एकेक बट कापणार. त्याआधी कात्री नाही.

आणि डॉक्टरबाई तर सोमवारी त्याचं डोकं भादरणार होत्या. त्याच्या कवटीचा मधला सांधा वेळेआधीच बंद झाला होता. डोकं रुंद होईना, नुसतं मागेपुढे लांबत होतं.

"आत्ता केलं तर दोन छोटे छेद आणि काही महिने हेल्मेट," बाईंनी माझ्या भाचीला, म्हणजे बाळाच्या आईला, तेपाएरूला, सांगितलं होतं. "थांबलात तर मोठं ऑपरेशन."

"बोलेल ना नीट? शाळेत...?"

"बहुतेक मुलं छान शिकतात. लवकर केलेलं बरं, असं दिसतं. पण हमी नाही देणार मी."

घरात मात्र सगळे गोडच बोलत. कुणी म्हणे आजोबांवर गेलाय, कुणी म्हणे होडीसारखं डोकं, दर्यावर्दी होणार.

"केसकापणी झाल्याशिवाय दवाखाना नाही," ताईने बजावलं. "आणि जेवणावळीचं डुक्कर अजून बारीक आहे. पुढच्या वर्षी बघू."

"बरं आई," तेपाएरू इतक्या गरीबपणाने म्हणाली की मला तेव्हाच शंका आली. बाहेर येऊन तिने फोन काढला. "मावशी, तू चर्चवाल्यांना सांग. मी नातेवाइकांना सांगते. शनिवारी."

शनिवारी गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ताईला कळलं तेव्हा बीट घातलेलं बटाट्याचं गुलाबी सॅलडसुद्धा येऊन पोचलं होतं. आलेल्या पाहुण्यांना परत कोण पाठवणार? तिने फक्त माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

बटांना रिबिनी बांधायच्या असतात. बांधली की घसरे. शेवटी रिबिनी बाळाच्या झबल्याला टाचल्या. पाळकांनी पहिली कात्री चालवली. हाती काही आलं नाही, तरी त्यांनी ते रुमालात गुंडाळून ठेवलं.

"पाळकबुवा, आमच्या वाटणीचेही नेलेत!" तुआइनेभावजी ओरडले.

"तुम्हीच दोनदा घुसलात रांगेत!" मागून त्यांची बायको.

तेआरिकी शिंकला, तेवढ्यात अजून चार केस उडाले.

ताई शेवटची. तिने नातवाला मांडीवर घेतलं, कात्री बाजूला ठेवली. कपाळापासून मागेपर्यंत, जिथे हाडाचा उंचवटा आला होता, तिथून बोट फिरवत राहिली.

"आई, काप ना," तेपाएरू हळूच म्हणाली.

"काय कापू? केसांचं काही नव्हतं गं." ताईचं बोट थांबलं. "जन्मला त्या दिवशीच माझ्या हाताला लागलं होतं, याचं डोकं बरोबर नाही. सोमवारी न्या त्याला. मला एवढीच भीती वाटते, आत नेलेलं पोर परत नाही आणलं तर?"