डब्याच्या तळातला चमचा

मी मापाचा चमचा बोलतोय. व्यायामाच्या पावडरीच्या डब्यातून निघतो ना, प्लॅस्टिकचा, आखूड दांड्याचा, तोच. चमचा म्हटलं की लोकांना भलतंच काहीतरी सुचतं, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी कुणाच्या पुढंपुढं करणारा नाही, आणि इथे माफी मागायलाही आलेलो नाही. एका मुलीची झोप उडाली, हातातोंडाशी आलेली नोकरी जायची वेळ आली, तेव्हा जो तो खापर फोडायला डोकं शोधू लागला. त्यात माझंही डोकं पुढं करण्यात आलं. मला ते साफ नामंजूर आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे दाणे वितळवून साच्यात ओतले, साचा उघडला आणि आम्ही भावंडं टपाटप टोपलीत पडलो. तिथल्या एका बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, कडेचा पापुद्रा नखानं काढला आणि पुढे ढकललं. मग डबे भरायच्या खोलीत एकेका डब्यात आमच्यातला एकेक जण गेला. आधी चमचा, मग वरून पावडर. श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाही हो!

आमच्या डब्यातली पावडर अंगात तरतरी आणणारी, व्यायामाआधी घ्यायची. कॅफीन ठासून भरलेलं. असला कडक माल म्हणून मला मुद्दाम एवढासा घडवला. पण डबा उघडला की मी दिसत नाही. बोटं खुपसून उकरावं लागतं. व्यायामशाळेत मुरलेली मंडळी मनगटापर्यंत हात घालून मला उपसून काढतात. नवख्यांना हे कुणी सांगत नाही, आणि नवख्यांना विचारायची लाज वाटते.

मी ज्या घरी गेलो तिथली मुलगी अशीच नवखी होती. घरात तिला सगळे ‘पैलवान’ म्हणत. दिवसभर गोदामात खोकी चढवायची-उतरवायची आणि संध्याकाळी व्यायामशाळा गाठायची, असा तिचा दिनक्रम. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी परीक्षा झाली होती, आता मैदानावरची चाचणी उरली होती. माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन उंच शिडीवरून खाली उतरायचं. व्यायामशाळेचे सर म्हणाले, “ताकद आहे तुझ्यात, दम कमी पडतोय. हा डबा ने.” डबा ते स्वतःच विकत. एवढं बोलले, पण चमचा कुठे असतो ते काही बोलले नाहीत.

घरी येऊन तिनं डबा उघडला, वरून पाहिलं, चमचा दिसेना. शेजारी प्रोटीनचा जुना डबा होता. त्यातला चमचा म्हणजे आमच्यातला डावच, भरपूर पोटाचा. तिनं तो उचलला आणि काठोकाठ भरून आमची पावडर पाण्यात ढवळली. मी तळातून ओरडत होतो, “अगं बाई, तो त्याचा आहे, माझा नाही!” पण गाडलेल्याचं कोण ऐकतो?

पहिल्या दिवशी तिनं व्यायामशाळा दणाणून सोडली म्हणे. सर खूश, पोरगी खूश. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. डबा तिच्या उशाशी खिडकीत होता, त्यामुळे कूस बदलण्याचा आवाज मला ऐकू यायचा. सकाळी डोळे तांबारलेले, म्हणून कपभर कडक कॉफी. दुपारी गोदामात पेंग, म्हणून आणखी एक. संध्याकाळी दमून आलेल्या लेकीसाठी आई मायेनं तिसरी करून ठेवायची. आणि त्यावर आमच्या पावडरीचा काठोकाठ भरलेला डाव.

आई घरीच कपडे शिवायची. लेकीचं चित्त थाऱ्यावर नाही, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

“पैलवान, खरं सांग. कोण आहे तो?”

“कोण तो?”

“झोप नाही, जेवण नाही. सुईत दोरा ओवायला दिला तर हात थरथरतायत. छातीत धडधडतं असं कालच म्हणालीस. मी पण तरुण होते गं एके काळी.”

“आई, काहीतरीच काय! कुणी नाहीये.”

“तो गोदामातला गाडीवाला तर नाही ना? त्याच्या मिशा मला अजिबात पसंत नाहीत.”

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. जिच्या ध्यासानं ही जागत होती ती लाल पावडर माझ्या अंगावर बसली होती आणि ही माउली मिशा शोधत होती! पुढे आईनं उशी बदलली, पलंगाची दिशा बदलली, फोन काढून स्वतःच्या कपाटात ठेवला. सगळ्यांची झडती झाली. डब्याकडे कुणाचं बोट गेलं नाही. तो तब्येतीसाठी आणला होता ना!

मग सरावाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. ती शिडीवर निम्म्यापर्यंत चढली आणि हातपाय लटपटायला लागले. दांडी पकडलेली बोटं हलेनात. दोघांनी वर जाऊन तिला उतरवली. घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली तेव्हा मला हे कळलं.

“मला नाही जमणार गं. अंगात ताकद आहे, पण हातच माझं ऐकत नाहीत.”

सरांचं म्हणणं वेगळंच. “दम कमी पडतोय. थोडं वाढव.” वाढव! चुलीवरचं दूध उतू जात असताना जाळ वाढवायला सांगणारा हा माणूस.

तिनं वाढवलं असतंच, पण डब्यात तो डाव घातला आणि तो तळाला खरडला. डबा वेळेआधीच संपत आला होता. माझा दांडा उघडा पडला. तिनं मला बाहेर काढलं, फुंकर मारली, एका हातात मला आणि दुसऱ्या हातात तो डाव धरला. दोघांची पोटं शेजारी शेजारी लावून पाहिली. मग मटकन पलंगावर बसली.

दुसऱ्या दिवशी मला खिशात घालून ती थेट सरांपुढे उभी राहिली.

“सर, हा आत होता.”

“असतोच. सगळ्यांना माहीत असतं.”

“मला नव्हतं.”

“मग विचारायचं नाही का? बरं, आता यानं माप. नवा डबा देतो.”

“मी संध्याकाळी येते. यानं मापून घेतलं तर रात्री झोप लागेल?”

सर हसले. “झोप काय, नोकरी लागल्यावर काढ.”

आजूबाजूला कोवळ्या मिशांची पोरं डंबेल्स उचलत होती. एकेकाच्या डोळ्यांखाली काळं. ती सगळी हसली. माझी पैलवान हसली नाही. मला मुठीत आवळून ती बाहेर पडली, डबा घेतला नाही.

इथेच मला ठणकावून सांगायचंय. नंतर आई सगळ्यांना सांगत सुटली, “चमच्यानं घोळ केला हो!” मी घोळ केला? मी बरोबर मापाचा आहे आणि मरेपर्यंत राहीन. पण माझ्या मापानं घेतलेली पावडरही संध्याकाळी पोटात गेली तर मध्यरात्रीपर्यंत अंगात ठाण मांडून बसते. माझ्यात पावडर मोजता येते. घड्याळाकडे तुम्हालाच बघावं लागतं!

पावडर सुटली, दुपारनंतरची कॉफी सुटली, आणि पैलवानाचं डोकं असं दुखू लागलं की तिनं कपाळाला ओढणी करकचून बांधली. चिडचीड विचारू नका. आई शेजारणीला हळूच म्हणाली, “मोडलं वाटतं.” पण एका संध्याकाळी जेवता जेवताच पोरीची मान कलली. आईनं तिच्या हातातला घास काढून घेतला आणि तिला तशीच लवंडू दिली.

चाचणीच्या आदल्या दिवशी सरांनी तिच्या हातात एक पुडी कोंबली. “फुकट आहे. उद्या सगळे घेणार आहेत. मागं पडू नकोस.” तिनं पुडी खिडकीत माझ्याशेजारी ठेवली. माझा जीव टांगणीला लागला.

सकाळी तिनं पुडी फोडली. मला भरलं, कडेला बोट फिरवून वरचं सपाट केलं आणि पेल्यात रिकामं केलं. पाणी लाल झालं. सगळे घेणार आहेत, हे तिच्या डोक्यात घोळत असणार. पेला तोंडाशी गेला तेवढ्यात आई दारात आली.

“झोपलीस ना नीट?”

“हो गं. मेल्यासारखी.”

असं म्हणाली आणि थबकली. स्वतःचा हात समोर धरून पाहिला. बोटं स्थिर होती.

“मग हे कशाला?” ती स्वतःशीच म्हणाली, आणि पेला मोरीत ओतला.

पुतळा घेऊन ती शिडी उतरली. सगळ्यांत आधी नाही, दोघं तिच्यापुढे होते. पण उतरली, आणि निवडली गेली.

आता मी आईच्या ताब्यात आहे, कपडे धुण्याची पावडर मोजतो. तरुण मंडळींनो, तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. सरळ सांगतो. छाती धडधडली, हात कापले, रात्र उघड्या डोळ्यांनी गेली, तर आणखी एक घोट घेऊन स्वतःला फसवू नका. तुमच्या अंगाला झोप हवी आहे, ती द्या. ती कुठल्याही डब्यात मिळत नाही.

परवा पैलवान रात्रपाळी संपवून सकाळी घरी आली आणि आडवी झाली. दुपारी सर दारात हजर. नवाकोरा डबा काखेत.

“गणवेशात हा डबा धरून तिचा एक फोटो हवाय. व्यायामशाळेत लावायचाय.”

“झोपलीय ती,” आई म्हणाली.

“पाचच मिनिटं उठवा की.”

“नाही उठवणार.”

“मग किती वाजता येऊ?”

“झोप झाली की उठेल,” आई म्हणाली आणि आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.