एक लॉक जास्त

मोटारदुरुस्ती शिकवणारी शाळा कशी निवडावी, हे ग्रंथपालांनी आधी रीतसर वाचून काढलं. त्यांचा वाचनावर विश्वास होता. पोहायलाही ते असेच शिकले होते. फक्त पाण्यात उतरायचं राहिलं होतं.

लेकीने मेकॅनिक व्हायचं जाहीर केल्यावर घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. मग ती स्वतःच म्हणाली, "दोन शाळा बघून ठेवल्यात. दोन्हीकडे जाऊ. शेवटचा शब्द तुमचा." शेवटचा शब्द आपला आहे हे ऐकायची ग्रंथपालांना घरात सवय नव्हती. ते लगेच तयार झाले.

पहिल्या शाळेने त्यांचे डोळे दिपले. दार आपोआप उघडलं, तेव्हा ते त्याला 'थँक यू' म्हणाले. आत गारवा, मऊ कोच आणि मधोमध काचेच्या पेटीत एक इंजिन. एका अंगाने कापून उघडं केलेलं, प्रत्येक भाग वेगळ्या रंगाचा, वरून दिवे सोडलेले. ग्रंथपालांचा आवाज आपोआप खाली आला.

"आमच्या विद्यार्थ्यांचे कपडे शेवटच्या दिवसापर्यंत असेच राहतात," टाय लावलेला तरुण स्वतःच्या शर्टाकडे बोट दाखवत म्हणाला.

"हे सुरू होतं का?" लेकीने पेटीकडे बघत विचारलं.

"हे बघायचं आहे, ताई."

"मग सुरू होणारं कुठंय?"

"स्क्रीनवर. हवं तितक्या वेळा सुरू करा. बंदच पडत नाही."

"बंदच पडत नाही," ग्रंथपालांनी लेकीला ऐकवलं, जणू तो त्यांचाच शोध होता.

बाहेर पडल्यावर लेक म्हणाली, "बंद न पडणारी इंजिनं दुरुस्त करायला शिकून मी करू काय?"

"अगं, आधी आत्मविश्वास येतो," ग्रंथपाल म्हणाले. त्यांचा निर्णय झाला होता. दुसरी शाळा बघायची ती केवळ शब्द दिला म्हणून.

दुसरी शाळा म्हणजे बस डेपोमागची लांबलचक पत्र्याची शेड. दार होतं, पण ते उघडायला दोन माणसं लागत, म्हणून ते कायम उघडंच असे. जमीन तेल पिऊन काळी झालेली. शिकवणाऱ्या बाई ग्रंथपालांच्याच वयाच्या, खांद्यावर फडकं टाकलेल्या. त्यांनी बसा म्हटलं नाही, कारण बसायला काही नव्हतं. एकच जागा उरली होती, आणि ती लेकीला द्यायची की नाही, हे त्या आजच सांगणार होत्या.

"बाबा, कशाला हात लावू नका," लेक दारातच पुटपुटली.

"मी काय लहान आहे?"

बाई लेकीला एकेक प्रश्न विचारू लागल्या आणि ग्रंथपाल मोकळे झाले. जवळच्या बाकावर एका इंजिनाचा वरचा भाग सुटा करून मांडला होता. त्याचा मालक चहाला गेला असावा. शेजारी स्टीलच्या वाटीत नखाएवढे बाकदार तुकडे होते. ग्रंथपालांनी एक उचलला. खिडकीपाशी धरला. आतल्या बाजूने इतकी बारीक, इतकी नेमकी कड कोरलेली होती, की एवढ्याशा गोष्टीची एवढी काळजी कोणी आणि का घेतली असेल, या विचारात ते तुकडा घेऊन पुढे पुढे चालत राहिले.

"या इकडे," बाईंनी हाक मारली. "आमचा खांब इंजिन चालू करतोय."

ग्रंथपाल दचकले आणि त्यांनी तुकडा चटकन हाताशी आलेल्या वाटीत ठेवून दिला. वाट्या प्रत्येक बाकावर होत्या, सगळ्या सारख्या.

खांब म्हणजे एक विलक्षण उंच मुलगा. त्याने सुटं केलेलं इंजिन पुन्हा जोडून उभं केलं होतं. सगळे हातातलं काम टाकून भोवती जमले.

"वाटी," बाई म्हणाल्या.

तिथली पद्धतच ती होती. चावी फिरवण्याआधी, बसवायचं काही उरलं नाही हे दाखवायला, आपली वाटी सगळ्यांसमोर पालथी करायची. खांबाने तळहातावर वाटी उलटी केली. त्यातून नखाएवढा एक तुकडा पडला.

"एक लॉक उरलंय, बाई," खांब म्हणाला.

बाई लेकीकडे वळल्या. "वॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवतात ती ही लॉकं. वॉल्व्हच्या एका दांडीला दोन. एखादं राहिलं तरी इंजिन सुरू होईल. थोडा वेळ छानही चालेल."

"आणि मग?"

"मग वॉल्व्ह आत पडेल आणि लांबपर्यंत ऐकू येईल."

खांबाने पाना उचलला. सुस्कारा नाही, शिवी नाही. ग्रंथपालांना आपण घाईत ठेवलेला तुकडा आठवला. त्यांच्या ग्रंथालयात प्रत्येक कपाटावर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: 'वाचलेले पुस्तक परत कपाटात ठेवू नये. टेबलावर ठेवावे.' चोरीला गेलेलं पुस्तक गेलं हे निदान कळतं. चुकीच्या जागी ठेवलेलं मेल्यागत होतं, असं ते नव्या वाचकांना दरडावून सांगत.

गप्प राहिलं तर तो पोरगा सगळ्यांसमोर विसराळू ठरणार. बोललं तर लेकीची जागा जाणार. अशा बापाची मुलगी कोण आत घेईल? आणि गेली तर बरंच, दिव्यांची शाळा आहेच, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात लेकीने वळून पाहिलं. बापाचा चेहरा तिला लहानपणापासून वाचता येत होता. ती बघतच राहिली.

"ते... बहुतेक मी ठेवलं," ग्रंथपाल म्हणाले.

"कुठून उचललंत?"

त्यांनी बाक दाखवला. तिथल्या वाटीतली लॉकं मोजली, तर एक कमी निघालं.

"काका, अजून कुठे काय काय ठेवलंत ते आत्ताच सांगून टाका," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. लेकीचे कान लाल झाले. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे त्याचं काही चुकलेलं नाही," ग्रंथपाल घाईघाईने म्हणाले. "आता चालू करायला हरकत नाही."

खांब बोल्ट सोडवतच होता.

"अरे, हिशेब लागला ना?"

"लागला, काका. पण आता डोक्यात आलंय. बघितल्याशिवाय चावी नाही फिरवणार."

कोणी त्याला अडवलं नाही, कोणी त्याचं कौतुकही केलं नाही. ग्रंथपालांना तेच सर्वात अजब वाटलं. हिशेब लागला की फाइल मिटवायची, यात त्यांचा जन्म गेला होता.

"मी दिवा धरू?" लेकीने विचारलं.

"धर," बाई म्हणाल्या.

इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, टॅपेट कव्हर, उचललं गेलं. आत मधाच्या रंगाचं तेल, त्यात भिजलेल्या स्प्रिंगांची रांग आणि प्रत्येकीच्या माथ्यावर, जेमतेम दिसतील अशी, समोरासमोर बसलेली दोन दोन लॉकं. आपण खिडकीपाशी धरलं होतं ते हे. एवढ्याशा नखांवर हे सगळं धूड विसंबून होतं. खांब प्रत्येकावर बोट टेकवत पुढे सरकत होता आणि लेकीच्या हातातला दिवा त्याच्या बोटाबरोबर, न सांगता, न हलता सरकत होता. हीच लेक घरी चहाचा कप सांडल्याशिवाय आणत नसे.

सगळी जागेवर होती. कव्हर बसलं. खांबाने चावी फिरवली.

इंजिन खोकलं, अडखळलं, आणि धरलं. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे माना खाली घालून ऐकत होते. तो आवाज ग्रंथपालांना आधी तळपायांत लागला, मग गुडघ्यांत, मग बसवलेल्या दाढेत. घटकेपूर्वी हे थंड लोखंड होतं. आता ते आपलं आपण जगत होतं आणि त्याला जगवणारा पोरगा फडक्याने हात पुसत उभा होता.

"काय ऐकलंस?" बाईंनी लेकीला विचारलं.

"आधी तीनच सिलिंडर बोलत होते. चौथा मागून आला."

बाईंनी मान हलवली. "सोमवारी ये. जुने कपडे घाल." मग ग्रंथपालांना मोठ्याने म्हणाल्या, "तुमची हरकत नसेल तर."

लेक त्यांच्याकडे बघत होती. दिवा अजून तिच्या हातातच होता. पहिल्या शाळेच्या बाजूचे मुद्दे ग्रंथपालांनी येताना मनात ओळीने लावले होते. त्यातला एकही आता जागेवर सापडेना. खांबाचा हात चावीकडे जाताना त्यांना दिसला.

"एवढ्यात बंद नको करूस," ते म्हणाले.

बाईंनी तो होकार धरला. खांबानेही हात मागे घेतला.