खारधामणीच्या शकुनचं पत्र

अमरावतीचे वामनराव कीर्तनकार वर्षातून एकदा पूर्णा ओलांडत, आणि ते नवरात्रात. खारधामणीच्या देवीपुढे त्यांचं पाच दिवस कीर्तन असे, तेही दुपारचं. बायांना त्या वेळी सवड मिळे आणि पलीकडच्या गावच्या माणसांना उजेड आहे तोवर नाव गाठता येई. ती नाव जाईबाई भोईणीची. नवरा तापानं गेला तेव्हा तिनं वल्हं हातात घेतलं होतं, आणि आता ते हळूहळू तिच्या लेकीच्या, शकुनच्या हाती येत होतं.

चोपन्न साली वामनराव आले ते एक बातमी घेऊन. वाचनालयात वाचली होती. युरोपात नावांच्या शर्यती साठ वर्षांपासून चालल्या होत्या, पण सगळ्या पुरुषांच्या. बायांना तीन वर्षं नुसतं नमुन्यादाखल वल्हवू दिलं, आणि त्या साली ॲमस्टरडॅम नावाच्या गावी त्यांची स्वतःची, रीतसर शर्यत लागली. पुरुष जातात दोन हजार मीटर, बाया हजार. बातमीबरोबर चित्र होतं. त्यात वल्हवणाऱ्या साऱ्याजणी जायच्या दिशेकडे पाठ करून बसलेल्या, आणि शेवटी सुकाणूवाली एकटीच तेवढी पुढे बघणारी.

कीर्तनकाराला आणखी काय पाहिजे? पूर्वरंगात त्यांनी ते चित्र असं उभं केलं, की सभामंडप डोलायला लागला. "पैलतीर दिसत नाही, माउली! पाठ आहे तिकडे! पण सुकाणू सद्गुरूच्या हाती आहे, तू फक्त वल्हं मार आणि नाम घे!" पेटीवाल्यानं सूर धरला, टाळ्या पडल्या, नामाचा गजर झाला. वामनरावांना स्वतःलाच भरून आलं.

कीर्तन सुटल्यावर सतरा वर्षांची शकुन खांबाला धरून उभी होती.

"महाराज, थे बायाईचं खरं हाये का? का कीर्तनापुरतं?"

"अगं, नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं बोलतात का कुणी? माझ्या गुरूंनी पहिली शपथ तीच घातली मला."

"मंग मले जाता येईन?"

मागे जाईबाई हसली. "आधी त्या पाटलाच्या म्हशी उतरव पल्याड, मंग जाय इलायतीले!"

सगळे हसले. वामनराव मात्र हसले नाहीत. माणूस मनाचा मऊ. म्हणाले, "मुंबईला नावांचा एक क्लब आहे. मी पत्र घालून विचारतो."

आणि खरंच घातलं. जानेवारीत उत्तर आलं. चार ओळी, इंग्रजीत, सभ्य. आमच्या नावांवर स्त्रियांना घेत नाही. आपण म्हणता ती शर्यत युरोपातल्या देशांची आहे. इथून कुणी स्त्री पाठवण्याची सोय आमच्या माहितीत नाही. कळावे.

"कार्ड टाका पोरीला," त्यांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या. "रडेल दोन दिवस आणि लागेल कामाला."

"असलं कार्डावर लिहितात होय? समोर बसून सांगतो."

समोर बसायला नवरात्र यावं लागलं. घाटावर उतरले तर नावेचा नूरच पालटलेला. शकुननं मधोमध एक आडवी फळी ठोकली होती, दोन्ही काठांना दोरीचे फास करून दोन वल्ही अडकवली होती. आजवर गावात सगळे उभ्यानं, तोंड पुढे करून नाव हाकत. ही पाठ करून बसली होती.

"बसा महाराज! शाळेतल्या गुरुजीनं दोरीनं मोजून देलं. घाटापासून वरच्या महादेवाच्या पायरीलोक हजार मीटर. घड्याळ कुठचं आनू? रामकृष्णहरी म्हनत जातो. दोनशे चाळीस नामं लागतेत. सुकाणूवर माय बसते, तिले मी सद्गुरू म्हनतो!"

"म्हनते आन् दिवसभर मलेच शिव्या देते," जाईबाई म्हणाली.

"पत्र आलं का हो?" शकुननं विचारलं.

तिचे तळवे फुटलेले होते. त्यांवर हळद लावलेली होती. वामनरावांनी ते पाहिलं आणि जिभेवरचं वाक्य मागे फिरलं.

"अजून नाही," ते म्हणाले. "येईल."

तेव्हा ते गादीवर नव्हते, नावेत होते. एवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली.

पुढच्या वर्षी सांगणं आणखी जड झालं, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जड. पहिलंच खोटं निस्तरायचं राहिलं की दुसरं त्याच्या मांडीवर येऊन बसतं. शकुन विचारायची ती नावेत, नाहीतर जाईबाईच्या चुलीपाशी. ते म्हणायचे, येईल. सभामंडपात पाय ठेवला की ते तिच्याकडे बघतच नसत.

अठ्ठावन्न साली पातूरकडचं स्थळ आलं. मुलगा वनखात्यात शिपाई, स्वभावानं गरीब. अट एकच, सून नावेवर दिसायला नको. जाईबाई वामनरावांच्या पाया पडली.

"महाराज, तुमचं आयकते थे. सांगजा तिले. पत्र येईन तं येईन, नाही तं नाही. पोरगा थांबत नाही."

वामनरावांनी शकुनला समोर बसवलं. "कर लग्न, पोरी. चांगलं स्थळ आहे."

"आन् लग्नावर पत्र आलं तं? सासरी कोन आनून देईन मले? कोन जाऊ देईन?" मग तिनं विचारलं, "तुमी सांगा, येनार नाही का? नाही म्हना, मी आत्ता हो म्हनतो."

एक शब्द बोलायचा होता. नाही. वामनराव उपरण्याचं टोक चाळवत राहिले. तीन वर्षं झाली होती. आता सांगायचं म्हणजे तीन वर्षांचं सांगायचं.

"देवाच्या मनात काय आहे, आपल्याला काय ठाऊक," ते म्हणाले.

स्थळ परत गेलं. साठ सालच्या वैशाखात जाईबाईही गेली. तिचं शेवटचं वर्ष कसं गेलं ते वामनरावांना गावात कळलं. पोस्टमन नदी ओलांडायला नावेत बसला, की ती त्याची थैली स्वतःच्या मांडीवर घ्यायची, भिजू नये म्हणून. पल्याड पोचेपर्यंत सोडायची नाही. उतरताना रोज विचारायची, "पाहून घे बापा, मुंबईचं हाये का काही?"

हे ऐकून वामनराव त्या रात्री जेवले नाहीत. पण बोललेही नाहीत.

मग बासष्ट साल. नवरात्रातल्या दुसऱ्या दिवसाचं कीर्तन. त्या दिवशी पैलतीरावर माणसं फार होती, शकुनच्या खेपा संपेनात. कीर्तनाआधी ती दिसली नाही तसं वामनरावांना हायसं वाटलं. पूर्वरंग संपला. आता आख्यानाला हात घालण्याआधी बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा. त्या दिवशी गावानं तो मान शकुनला दिला होता, जाईबाईची आठवण म्हणून. ती ओल्या पदरानं धावतपळत आली. ताटातला हार उचलला, आणि हात वर करतानाच, जवळच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. दुसरी वेळच मिळाली नव्हती तिला.

"महाराज, गुरुजीनं आज पेपर वाचून दाखोला. स्वित्झर्लंडात साऱ्या जगाची पयली शर्यत झाली. बायाईची त्यात लावलीच नाही. आपलं पत्र आता कधी येईन?"

वामनराव गादीवर उभे होते. हातात चिपळ्या. समोर देवी. तबलजीनं ठेका सोडून वर पाहिलं.

"पत्र आलं होतं, शकुन," ते म्हणाले. "पंचावन्न सालीच आलं. नाही म्हणून आलं."

तिचे हात हारासकट तसेच राहिले.

"काय लिहेल होतं?"

"बायांना घेत नाहीत. इथून कुणाला पाठवायची सोय नाही."

शकुननं हार त्यांच्या गळ्यात घातला. कपाळाला बुक्का लावला. वाकून पायांवर डोकं ठेवलं, रीतीप्रमाणे, आणि बायांत जाऊन बसली.

आख्यान सुदाम्याचं होतं. ते त्यांनी पुरं केलं. मध्येच डोळे पुसताना दोन पदं सुटली. लोक बाहेर पडताना म्हणत होते, आज बुवा सुदाम्यासाठी फार रडले, असं कीर्तन ऐकलं नाही.

उरलेले तीन दिवस कीर्तन करायची त्यांची छाती झाली नाही. प्रकृतीचं कारण सांगून ते त्याच दुपारी निघाले. नाव एकच होती. शकुन फळीवर बसून वल्हवत होती, त्यामुळे तिचं तोंड पूर्ण वेळ त्यांच्याकडे होतं. तिनं नजर चुकवली नाही. चुकवायला यांनाही जागा नव्हती.

मध्यावर आल्यावर वामनराव म्हणाले, "मला वाटलं, तुझी आशा मोडेल."

"माही आशा मोडली असती तं मोडली असती. मी तरी वल्हवलंच असतं. मले नाव आवडते." तिनं चार हात मारले. "एकशे ऐंशी नामांवर आलो मी. पातूरवाल्याचंही काही नाही. पन मायले मी सांगितलं असतं ना, का माय, नोको वाट पाहू. थे मरताना इचारे, आला का व पोस्टमन. मी म्हनो, येईन. तुमीच म्हनत होते ना येईन म्हनून."

वामनरावांनी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे तिनं क्षणभर पाहिलं, मग वल्ह्याकडे.

"मले नोका जोडू. तिले जोडले असते तं ठीक होतं."

काठ लागला. दर वर्षी ती हात देऊन त्यांना उतरवून घेई. त्या दिवशी ती दोन्ही हातांनी नाव धरून उभी राहिली. ते आपले आपण पाण्यात उतरले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

"शकुन, पुढच्या नवरात्रात येऊ का मी?"

"येजा. देवीचं बोलावनं हाये, माह्यं नाही."

काठावर तिघीजणी ज्वारीच्या कण्यांची गाठोडी घेऊन खोळंबल्या होत्या. शकुननं त्यांची गाठोडी एकेक करून आत घेतली, एका म्हातारीला दंडाला धरून मधल्या फळीशेजारी बसवलं, आणि विचारलं, "लुगडं भिजलं का व माय? सरक अल्याड, कोरडं हाये अथी."