मिठाचा एक तास

मी मिठाची फळी बोलतेय. पोळपाटाचं कौतुक सगळ्यांनाच असतं. माझ्याकडे पाहून लोक नाक मुरडतात, कारण माझ्या अंगावर कच्चं मांस मिठात पडलेलं असतं आणि माझ्या पन्हळींतून रक्त निथळत असतं. मुरडा खुशाल! मी कुणाची मर्जी राखायला जन्मले नाही.

मूळची मी लासुर्ण्याच्या बांधावरची बाभूळ. माझा नांगर व्हायचा होता. पण एकोणीसशे बत्तीस साली राहेलबाई नावाची एक ठेंगणी, करारी बाई बारामतीच्या झुंबर सुताराच्या दारात उभी राहिली आणि तिनं मला उचलून पाहिलं. एका बाजूनं उंच, दुसऱ्या बाजूनं उतरती, आणि अंगभर पन्हळी पाडलेली फळी तिला हवी होती.

"पन्हळी कशापायी, बाई?" झुंबरनं विचारलं. "कापडं धुवायची हायती का?"

"मांसाला मीठ लावून ठेवायचंय. रक्त सगळं निथळून गेलं पाहिजे. आमच्या धर्मात रक्त चालत नाही."

"रगत काडून टाकायचं? मंग खायाचं काय वो त्यात, चोथा?"

राहेलबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो मुकाट रंधा उचलून कामाला लागला. तीन दिवसांत मी तयार झाले.

आमचं घर बेने इस्राएल लोकांचं. हे लोक मूळचे कोकणातले, बोलणार मराठी, नेसणार नऊवारी, आणि प्रार्थना मात्र हिब्रूत. घरधनी बिन्यामीनराव झिराडकर नीरेच्या कालव्यावर कारकून होते. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरात दोन मुली, अकरा वर्षांची सिपोरा आणि आठ वर्षांची मिल्का. त्यांना वळण लावायला बिन्यामीनरावांची विधवा बहीण राहेलबाई आली होती. अख्ख्या बारामतीत या धर्माचं दुसरं घर नव्हतं. म्हणून वळण जरा जास्तच कडक.

राहेलआत्यानं मुलींना काय नाही शिकवलं! दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काचेच्या दिव्यात खोबरेल घालून शब्बाथचा दिवा लावायचा; शब्बाथ म्हणजे शनिवार मावळेपर्यंतचा पवित्र विसावा, त्यात चूल पेटवायची नाही. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून प्रार्थनेसाठी त्यांचं सरबत गाळायचं. आणि मांस अर्धा तास पाण्यात ठेवून, जाडं मीठ सगळ्या अंगांना चोळून, माझ्यावर पुरता एक तास ठेवायचं. तासाच्या आत उचललं तर ते खाण्याजोगं होत नाही.

आता गंमत अशी, की तास मोजणार कसा? घरात घड्याळ एकच, बिन्यामीनरावांच्या कोटाच्या खिशातलं, आणि ते रोज त्यांच्याबरोबर कालव्यावर जायचं. आत्या अंगणातल्या चिंचेच्या सावलीवरून अदमास बांधायची. ढग आले की तिचा धीर सुटायचा. मग ती तासाचे दोन तास करायची, आणि रात्री बिन्यामीनराव पहिला घास घेऊन गुपचूप तांब्याकडे हात न्यायचे.

बिन्यामीनराव रविवारी सुट्टी असली की मुलींना हिब्रू अक्षरं शिकवत. मुलगा नव्हता, आणि गावात दुसरं कोणी नव्हतं जे त्यांच्याबरोबर प्रार्थनेचं पुस्तक उघडेल. आत्याला हे मुळीच खपत नसे.

"पोरींना स्वयंपाक शिकवायचाय की प्रार्थना चालवणारा हज्जान करून आपल्या पुण्याच्या देवळात उभं करायचंय? मी चाळीस वर्षं पाठ केलेलं म्हणतेय. देवानं ऐकलं नाही का?"

मिल्का लगेच उठून पळायची. सिपोरा मात्र हलायची नाही. ती मुलगी म्हणजे अस्सल बाभूळ, वाकवाल तर काटा टोचेल. पण आत्यापुढे तिनं तोंड चालवलं नाही, डोकं चालवलं.

एका रविवारी तिनं बापाचं घड्याळ मागून घेतलं, समोर ठेवलं आणि स्तोत्रांची पानं मोठ्यानं वाचत बसली. काटा फिरून जागेवर आला तेव्हा नऊ पानं झाली होती. दुसऱ्या रविवारी पुन्हा नऊच.

"आत्या," ती म्हणाली, "नऊ पानं म्हणजे तास. ढग असोत की ऊन. मांसाला मीठ लावलं की मी वाचायला बसते. नववं पान उलटलं की तुम्ही मांस धुवा."

आत्या पेचात पडली. हिब्रूला नाही म्हणावं तर मिठाचा तास हुकतो, आणि मिठाच्या तासाला नाही म्हणण्याची तिची छाती नव्हती. शेवटी म्हणाली, "मटणापुरतंच हं."

मटणापुरतंच! पोरीनं मग बापाच्या मागे लागून बुधवारचीही कोंबडी सुरू करवली. मी त्या चार वर्षांत जेवढी हिब्रू ऐकली तेवढी बारामतीत दुसऱ्या कुणी ऐकली नसेल. पुस्तकाच्या एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. आधी ती नुसती वाचायची, मग थांबून अर्थ लावायची. शेजारची फुलाबाई आमच्या दगडावर विळ्याला धार लावायला आली की दारात थबकायची.

"उजवीकडनं वाचती बया! आन आडखळत बी न्हाय."

सिपोरा पंधराची झाली आणि इंदापूरहून स्थळ आलं. तिथल्या दवाखान्यात शलोमराव कंपाउंडर होते, त्यांचा मुलगा हानोख. सोयरिकीला दुसरं बेने इस्राएल घर मिळतंय म्हणून बिन्यामीनरावांना आभाळ ठेंगणं झालं. पाहुणे शुक्रवारी दुपारी येणार, शब्बाथ आमच्याकडे पाळणार आणि रविवारच्या मोटारीनं परतणार असं ठरलं.

थंडीचे दिवस. मोटार वाटेत बंद पडली आणि पाहुणे तीनच्या पुढे पोचले. चहा झाला. मग शलोमरावांची बायको रिबकाबाई म्हणाली, "मुलीनं आमच्यासमोर मीठ लावावं. त्यावरून घर कळतं."

मटण आधीच पाण्यात होतं. सिपोरानं पदर खोचला. एकेक तुकडा निथळून, मीठ चोळून, उलटून, पुन्हा चोळून तिनं माझ्यावर मांडला. एकावर एक नाही, पन्हळ अडवून नाही. रिबकाबाईंच्या चेहऱ्यावर पसंती दिसली. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

मग सिपोरानं हात धुतले, पुस्तक आणलं आणि वाचायला बसली.

"हे काय?" शलोमराव म्हणाले.

"तास मोजतेय."

"आमच्या घरात बायका वाचत नाहीत. पाठ असेल ते म्हणावं, पुस्तक पुरुषांचं. पुस्तक मीट, बाळ. लग्नानंतर ही सवय चालायची नाही, आताच सांगून ठेवतो."

सिपोरानं बापाकडे पाहिलं. ज्यानं तिला पहिलं अक्षर गिरवायला दिलं, तो माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, "मीट पुस्तक, सिपोरा."

चौथं पान चालू होतं. तिनं पुस्तक मिटलं. त्या क्षणी मला नांगर व्हायला हवं होतं असं वाटलं. निदान कुणाच्या तरी पायावर पडता आलं असतं.

गप्पा रंगल्या. दवाखाना, कालवा, वालचंदनगरचा नवा कारखाना. ऊन भिंतीवर चढलं. रिबकाबाई म्हणाली, "चला, धुवा आता मटण. दिवा लावायच्या आत शिजायला हवं."

"तास झाला?" सिपोरानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बिन्यामीनरावांनी घड्याळ काढलं, शलोमरावांनीही काढलं. दोन्ही घड्याळं छान चालत होती. पण मीठ लावलं तेव्हा किती वाजले होते, हे दोघांपैकी एकानंही पाहिलं नव्हतं.

"झालाच असेल की," शलोमराव म्हणाले.

"असेल म्हणजे? पुस्तक तुम्ही मिटायला लावलंत. चौथ्या पानापर्यंतचं मी सांगू शकते, पुढचं नाही. आता इथून नवा तास धरला तर शिजायच्या आधी शब्बाथ लागेल."

"अंदाज म्हणून काही असतं, पोरी."

"शब्बाथ तुम्ही अंदाजानं पाळता का?"

बिन्यामीनराव पांढरेफटक पडले. आता निवाडा राहेलआत्याचा, कारण चूल तिची. ती हो म्हणाली असती तर सगळं निभावलं असतं. सोयरीक, पाहुणचार, सगळं. सिपोराचं पुस्तक तेवढं कायमचं मिटलं असतं.

आत्या उठली. माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"सासरी मला सव्वीस वर्षं मटण खारट म्हणून बोलणी बसली," ती म्हणाली. "तास कळायचा नाही. कमी पडला तर पाप लागेल म्हणून मी दोन-दोन तास ठेवायची. कुणी एकानं कधी सांगितलं नाही की बाई, असा मोज. या पोरीनं सांगितलं. तिला तुम्ही गप्प केलंत, तर तास गेला. हे मटण माझ्या चुलीवर चढणार नाही."

आणि तिनं ते सगळं पातेल्यात भरून फुलाबाईला देऊन टाकलं! पाहुण्यांनी त्या संध्याकाळी वरणभात आणि वांग्याची भाजी खाल्ली. बरं, शब्बाथात प्रवास वर्ज्य, त्यामुळे रागावून निघूनही जाता येईना. शनिवारभर शलोमराव आमच्या ओसरीवर तोंड फुगवून बसले होते. फुलाबाई कुंपणापाशी येऊन आपली मनापासून सांगत होती, "मटान लई ग्वाड झालं हुतं वो पावनं! तुमी का न्हाय खाल्लं?"

आठ दिवसांत इंदापूरहून नकाराचं पत्र आलं. बिन्यामीनराव सिपोराशी बोलेनासे झाले. पुढच्या शुक्रवारी कामावर निघताना त्यांनी घड्याळ कोटातून काढून फडताळात ठेवलं.

"हे आता घरीच राहू दे. तासासाठी पुस्तकाची गरज नाही."

रागानं नाही बोलले. पोरीचं पुढचं स्थळ मोडू नये एवढंच त्या बापाच्या मनात होतं. पण सिपोराचा चेहरा मी पाहिला. चार वर्षांची तिची युक्ती एका टिकटिकीनं संपली होती.

आत्यानं घड्याळ उचललं आणि भावाच्या खिशात परत घातलं.

"घड्याळाला किल्ली द्यावी लागते. विसरलं की बंद पडतं. माझी पोर बंद पडत नाही. जा कामावर."

त्या दुपारी मीठ लावून झाल्यावर सिपोरानं पुस्तक उघडलं. आत्या तिच्या शेजारी सरकली. पानावर बोट ठेवून, कुणी ऐकत नाही ना हे पाहून म्हणाली, "हे पहिलं कोणतं?"

"आलेफ."

"नांगरासारखं दिसतंय मेलं," आत्या म्हणाली. मला फार बरं वाटलं.

आज एकोणीसशे एकोणचाळीस साल आहे. सिपोरा पुण्याला मास्तरीण व्हायचं शिकते आहे. पुस्तक ती जाताना घरीच ठेवून गेली. मिल्का मीठ चोळते आणि मग माझ्यासमोर राहेलआत्या वाचायला बसते, छप्पन्न वर्षांची, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. नऊ पानं झाल्याशिवाय ती कुणाला मांसाला हात लावू देत नाही. पण सिपोराची नऊ पानं वेगळी आणि आत्याची वेगळी. आत्याला ती वाचायला चांगले अडीच तास लागतात.

मी आता मिठानं पांढरी पडलेय, एका कडेला चिरलेय. कुणी मला जळणात टाकायचं मनात आणलं तर आधी या बाईची परवानगी घ्या. आणि आमच्या घरी जेवायला आलात तर एवढंच ऐका, पहिला घास घेतल्यावर तांब्याकडे हात गेला तरी तोंडातून शब्द काढू नका. परवा बिन्यामीनरावांनी काढला.

"अक्का, मटण खारट झालंय."

"असू दे," आत्या म्हणाली. "तास मी वाचलाय."