निळ्या शिक्क्याचा फॉर्म

चाकणच्या एका पार्ट्सच्या कंपनीत गोरक्ष सात वर्षं टेलिफोनवर होता, कंत्राटी. जन्मापासून दिसत नव्हतं, पण कुणाचा फोन जोडायचा आणि कुणाचा 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणून टोलवायचा, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. यंदा दिव्यांगांसाठी एक कायम जागा निघाली. अट अशी, की अर्ज नव्या ऑनलाइन फॉर्मवर शुक्रवारी पाचच्या आत स्वतः भरायचा. दुसऱ्याची मदत घेतली की अर्ज बाद.

फॉर्म बनवला कॉम्प्युटर विभागातल्या हर्षालीनं. तीन आठवडे ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन गोरक्षकडे येऊन बसायची. त्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवायचा. "हितं नुसतं 'रकाना' म्हणतोय. कसला रकाना, त्ये सांगतच न्हाई," असं गोरक्ष म्हणाला, की ती तिथल्या तिथं दुरुस्त करायची. शेवटी त्यानं पाच मिनिटांत अख्खा फॉर्म एकट्यानं भरून दाखवला. त्या दिवशी तो घरी गाणं म्हणत गेला.

मग फॉर्म एचआरच्या दिग्विजय साहेबांकडे मंजुरीला गेला, आणि तिथंच माशी शिंकली. साहेबांना लग्नपत्रिकेवरही शिक्का नसला तर चुकल्यासारखं व्हायचं. त्यांनी फॉर्म छापून घेतला, पानोपानी सही केली, गोल निळा शिक्का मारला, स्कॅन केला आणि साइटवर चढवला. आता तो फॉर्म उरला नव्हता, फॉर्मचा फोटो झाला होता.

शुक्रवारी अकराला उद्घाटन झालं. हार, पेढे, बॅनर, सगळं साग्रसंगीत. गोरक्षला पुढं बसवलं. त्यानं बटण दाबलं.

"चित्र," कॉम्प्युटर म्हणाला. पुढचं दाबलं. "चित्र. चित्र."

"बघा, बोलतोय!" साहेब म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

गोरक्षनं बटणावरचं बोट काढलं. "साहेब, ह्यो फोटो हाय. ह्यात भरता येत न्हाई."

"अरे, शिक्का आहे त्यावर!"

"सर, मूळ फाइल आहे माझ्याकडे," हर्षाली म्हणाली. "दोन मिनिटांत चढवते."

"विदाउट स्टॅम्प? उद्या कुणी विचारलं तर?" एवढं बोलून साहेब पेढ्यांकडे वळले.

गोरक्ष जागेवर येऊन बसला. चीड येत होती आणि घड्याळ पुढं सरकत होतं. साडेचारला मुंबईच्या हेड ऑफिसातून विजयश्री मॅडमचा फोन आला. साहेबांच्याही त्या साहेब. "दिग्विजयना द्या. फॉर्मबद्दल अभिनंदन करायचंय."

सात वर्षांत गोरक्षनं एकही फोन चुकीच्या जागी जोडला नव्हता. आज त्यानं रिसीव्हर कॉम्प्युटरच्या स्पीकरला लावला.

"चित्र. चित्र. चित्र."

"हे काय?"

"मॅडम, ह्योच आपला नवा फॉर्म. पाचच्या आत भरायचाय मला, आन् मदत घ्यायला बंदी हाय."

मॅडम म्हणाल्या, "आता द्या दिग्विजयना." गोरक्षनं फोन जोडून दिला आणि धंद्याचं इमान राखून ऐकला नाही. पावणेपाचला मूळ फॉर्म साइटवर चढला. पाचला सात कमी असताना कॉम्प्युटर म्हणाला, "अर्ज मिळाला."

पंधरा दिवसांनी, रविवारी, निकालाचं पत्र मोबाइलवर आलं. गोरक्ष घरीच होता. आई, सगुणाबाई, मेथी निवडत होती. त्यानं पत्र उघडलं.

"चित्र," मोबाइल म्हणाला.

"आये, बग गं काय लिवलंय!"

सगुणाबाईनं पदराला हात पुसून मोबाइल लांब धरला. "लई बारीक हाय. खाली गोल शिक्का हाय बग, निळा."

"आगं, वाच की!"

"मला कुटं वाचता येतंय? पर शिक्का मोठा हाय, म्हंजी चांगलंच आसंल."

सात वर्षं वाट पाहिलेला निकाल हातात होता आणि घरातल्या दोघांनाही तो कळत नव्हता. गोरक्षनं हर्षालीला फोन लावला. पत्राची मूळ फाइलही तिच्याकडेच होती.

"दादा, अहो तुम्ही..."

"सांगू नको!" तो ओरडला. "बिनशिक्क्याचं पाठीव. माझं मला वाचू दे."

दहा मिनिटांनी मोबाइल बोलू लागला. "श्री. गोरक्ष गेनबा येळवंडे, आपणास टेलिफोन ऑपरेटर या पदावर कायम करण्यात येत आहे."

गोरक्षनं ते तीनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा तो ढसाढसा रडला. सगुणाबाईचेही डोळे वाहू लागले. मग तिनं मोबाइल हातात घेऊन खालवर नीट न्याहाळला.

"गोरख्या," ती काळजीनं म्हणाली, "ह्याच्यावर शिक्का न्हाई रं. चालंल न्हवं?"